मैदान भरतं, मग क्लब तोट्यात कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या शहरात फुटबॉलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या भाषेत सॉकरच्या, दुसऱ्या श्रेणीचा क्लब आहे. यूएसएल चॅम्पियनशिपमध्ये खेळतो. तीन वर्षं तुम्ही मुलाला घेऊन सामन्यांना जाताय, पाच हजारांचं मैदान जवळजवळ भरलेलं दिसतं, आणि तरी क्लब म्हणतो की दर वर्षी तोटा होतो. आता क्लबने चाहत्यांना छोटे हिस्से विकायला काढलेत. एवढी गर्दी असून तोटा कसा होतो आणि हजार डॉलर टाकावेत का, हे तुम्हाला हवंय.

मी मूळचा कोल्हापूरचा. अमेरिकेत सोळा वर्षं झाली, त्यातली तेरा याच श्रेणीच्या दोन क्लबांच्या ऑफिसात गेली. आधी तिकीटविक्री, मग सामन्याच्या दिवसाची व्यवस्था, आणि शेवटची सहा वर्षं हिशेब. तुमच्या क्लबची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत. राज्य बदललं, मैदानाचा मालक बदलला, क्लबमालकाच्या खिशाची खोली बदलली की उत्तरही बदलतं. पण तेरा वर्षांत एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली आहे, तीच आधी सांगतो: मैदान किती भरलं यापेक्षा मैदान कोणाचं आहे, यावर क्लबचं आयुष्य ठरतं.

गर्दीच्या आकड्यापासून सुरुवात करू. लाउडस्पीकरवरून ‘आजचे प्रेक्षक ५,०००’ असं सांगतात, तेव्हा तो बहुतेक वेळा वाटलेल्या तिकिटांचा आकडा असतो. त्यात शाळांना दिलेली फुकट तिकिटं असतात, स्पॉन्सरचा कोटा असतो, खेळाडूंची घरची मंडळी असतात, आणि सीझन तिकीट घेऊन त्या दिवशी न आलेले लोकही असतात. हे फसवण्यासाठी नसतं, बहुतेक लीगमध्ये असंच मोजतात. समजा, त्यातली ३,८०० तिकिटं पैसे देऊन घेतलेली आहेत आणि सरासरी भाव १७ डॉलर आहे. एका सामन्याचे झाले साधारण ६५ हजार. वर्षाला घरचे १५ सामने धरले तर ९ लाख ७० हजार डॉलरच्या आसपास. ऐकायला मोठी रक्कम वाटते. आता समजा, २४ खेळाडू आहेत, सरासरी महिन्याला साडेतीन हजार डॉलर, दहा महिने. ८ लाख ४० हजार तिथेच गेले. प्रशिक्षक, डॉक्टर, ऑफिसातली माणसं, प्रवास, विमा, लीगची फी आणि मैदानाचं भाडं यातलं अजून काहीच धरलेलं नाही. आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, पण प्रमाण साधारण असंच पडतं. या श्रेणीत टीव्हीचा पैसा एवढा नसतो की खड्डा भरून निघेल. म्हणजे तिकिटाच्या पैशावर क्लब चालत नाही. तो चालतो स्पॉन्सर, जाहिरातीचे फलक, पार्किंग, खाणंपिणं आणि मैदानावर इतर दिवशी होणारे कार्यक्रम यांवर. यातलं बहुतेक सगळं मैदानाच्या मालकाच्या हातात असतं.

हिशेबाला लागलो त्या पहिल्या सीझनमधली एक रात्र सांगतो. सामना जिंकलो होतो, बाहेर ढोल अजून वाजत होते. तिकीटखिडकीच्या मागे एक छोटी खोली होती. तिथे मैदान चालवणाऱ्या कंपनीचा माणूस बसायचा. सामना संपल्यावर तासाभरात तो एक पानी हिशेब पुढे सरकवायचा. दारावरची माणसं, पोलीस, रुग्णवाहिका, सफाई, दिव्यांचे तास, स्कोअरबोर्ड चालवणारा. प्रत्येक ओळ आमच्या नावावर. मला वाटलं होतं, भाडं ठरलंय म्हणजे तेवढंच द्यायचं. त्या रात्री बिअरच्या प्रत्येक टपरीपुढे वीस-पंचवीस माणसांची रांग मी स्वतः पाहिली होती, म्हणून मी पानावर बिअरची ओळ शोधत बसलो. ती नव्हतीच. करारात खाणंपिणं त्यांचं आणि पार्किंगही त्यांचं. आम्ही गर्दी आणायची आणि त्या गर्दीने खर्च केलेला पैसा दुसऱ्याच्या गल्ल्यात जायचा.

अशी अवस्था का आली, त्याचं कारण अमेरिकेच्या शहरांच्या रचनेत आहे. इथे मधल्या आकाराच्या शहरात दोन तऱ्हेची मैदानं तयार असतात: विद्यापीठाचं किंवा शाळेचं अमेरिकन फुटबॉलचं, नाहीतर मायनर लीग बेसबॉलचं. सॉकरचा नवा क्लब यापैकी एकात भाडेकरू म्हणून शिरतो. विद्यापीठाच्या मैदानावर बहुधा कृत्रिम गवत असतं, दुसऱ्या खेळाच्या रेषा आखलेल्या असतात, बऱ्याच ठिकाणी दारूविक्रीवर बंधनं असतात. बेसबॉलच्या मैदानाची तऱ्हा आणखी वेगळी. मधोमध पिचरसाठी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यासाठी, दहा इंचांचा उंचवटा असतो आणि आजूबाजूला तांबडी माती. सॉकरच्या आधी तो उंचवटा काढायचा किंवा खाली बसवायचा, मातीवर गवताच्या जाड गुंडाळ्या अंथरायच्या, रोलर फिरवायचा, रेषा आखायच्या. दोन दिवसांनी बेसबॉलचा सामना असेल तर हे सगळं परत उचलायचं.

एका गुरुवारी बेसबॉलचा सामना लांबत लांबत रात्री साडेअकराला संपला. शनिवारी आमचा होता. गवताचा ट्रक बाहेर उभा होता आणि पहाटे दोनला आम्ही सगळे, ऑफिसातली माणसंसुद्धा, गुंडाळ्या ढकलत होतो. सकाळी मी बूट काढून त्या पट्ट्यावरून चाललो. प्रत्येक सांधा पायाला लागत होता. शनिवारी सत्तराव्या मिनिटाला आमच्या डाव्या विंगरचा पाय अशाच एका सांध्यात अडकला. गुडघा गेला, पोराचा सीझन संपला. त्याच्या आईला फोन मीच लावून दिला होता. आजही बेसबॉलच्या मैदानावर सॉकर बघताना माझी नजर चेंडूवर कमी आणि त्या सांध्यांवर जास्त असते.

याच दुखापतीवरून विम्याकडे येतो, कारण बाहेरच्या माणसाला हा खर्च कधी दिसत नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांत खेळाडू हा कामगार धरला जातो आणि मैदानावरची दुखापत ही कामावरची दुखापत. उपचाराचा खर्च आणि पगाराचा काही भाग द्यावा लागतो, त्यासाठी क्लबला विमा घ्यावा लागतो, आणि त्याचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत. ऑफिसातल्या कारकुनाचा हप्ता नगण्य असतो, व्यावसायिक खेळाडूचा अवाच्या सवा. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात तर हा आकडा पाहून नवे मालक गप्प होतात. मी स्वतः अंदाजपत्रक करताना आधी विम्याची ओळ भरायचो आणि मग खेळाडूंची.

दुसरा न दिसणारा खर्च प्रवासाचा. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा हे तालमींचे संघ समोरासमोर आले की पाय ठेवायला जागा नसते, आणि दोन्हीकडची पोरं पेठेतून चालत मैदानावर येतात. इथे एकाच लीगमध्ये मायामी आहे आणि सॅक्रामेंटोही आहे. मध्ये अख्खा देश, तीन तासांचा वेळेचा फरक आणि पाच-सहा तासांचं विमान. एमएलएसचे, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या लीगचे, क्लब आता चार्टर विमानाने जातात. खालच्या श्रेणीत आपण जसं तिकीट काढतो तसंच काढतात, मधे एक विमान बदलतात, आणि ते चुकलं तर खेळाडू विमानतळावर झोपतात. यात काटकसर करायला जावं तर रविवारी सकाळी थकलेला संघ मिळतो.

आता म्हणाल, इतका तोटा असून मालक थांबतात कशाला? इथे अमेरिकन लीगची बांधणी समजून घ्यावी लागते. युरोपात क्लब आधी असतात आणि लीग नंतर आली. इथे लीग आधी आली आणि क्लब म्हणजे तिने दिलेला हक्क. एमएलएस १९९६ ला दहा संघांनी सुरू झाली, आणि कायद्याने ती एकच कंपनी आहे: खेळाडूंचे करार लीगशी असतात, मालक हे त्या कंपनीचे भागीदार. ही रचना जन्मली ती भीतीतून. पेलेला १९७५ मध्ये न्यूयॉर्कला आणणारी एनएएसएल ही जुनी लीग १९८४ च्या सीझननंतर खर्चाच्या ओझ्याखाली बंद पडली होती, आणि ती चूक पुन्हा करायची नव्हती. तरीही २००१ च्या सीझननंतर टँपा आणि मायामीचे संघ बंद करावे लागले होते. तिथून लीग सावरली, वाढली आणि प्रवेशफी चढत गेली. टोरोंटोने २००७ च्या प्रवेशासाठी १ कोटी डॉलर मोजले होते. तिसाव्या संघासाठी, म्हणजे सॅन दिएगोसाठी, ५० कोटी मोजल्याचं सांगितलं जातं. म्हणजे मालकाची कमाई वर्षाच्या नफ्यात नसते, हक्काची किंमत वाढण्यात असते. आणि मैदान स्वतःचं असेल तर त्याभोवतीची घरं, हॉटेलं, दुकानं यांच्यात असते. दर वर्षीचा तोटा तो या आशेवर पदरमोड करून भरत राहतो. ही आशा संपली किंवा तोच थकला की क्लब संपतो.

सॅन दिएगोचंच उदाहरण तुम्ही नीट बघा, कारण तुमच्या प्रश्नाच्या ते सगळ्यात जवळ आहे. सॅन दिएगो लॉयल हा क्लब २०२० मध्ये दुसऱ्या श्रेणीत आला. लँडन डोनोवनसारखा मोठा खेळाडू तो उभा करण्यात होता. सामने व्हायचे ते सॅन दिएगो विद्यापीठाच्या सहा हजारांच्या मैदानावर. लोक येत होते, संघ चांगला होता, शहरात नाव झालं होतं. मे २०२३ मध्ये एमएलएसने त्याच शहरात नवा क्लब जाहीर केला, दुसऱ्या मालकांचा. तो खेळणार होता स्नॅपड्रॅगन या ३५ हजारांच्या स्टेडियममध्ये. लॉयलच्या मालकाने दुसरं मैदान शोधून पाहिलं, जमलं नाही, आणि ऑगस्टमध्ये जाहीर झालं की हा शेवटचा सीझन. चार सीझनमध्ये एक जिवंत क्लब उभा राहिला आणि मिटला. मैदानाचा करार हातात असता तर वरच्या लीगच्या सावलीत का होईना, तो टिकण्याची शक्यता होती असं मला ठाम वाटतं. आपल्याकडे पुण्याने हे अनुभवलंय. बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी २०१४ ला आला आणि २०१९ ला गेला, आयएसएलमधली त्याची जागा हैदराबादला मिळाली. घरी जर्सी जपून ठेवलेल्या पोरांना कोणी विचारलं नाही.

वरच्या श्रेणीतही मैदानाचा प्रश्न सुटलेला नाही, हे लक्षात घ्या. न्यूयॉर्क सिटी एफसी २०१५ पासून यांकी स्टेडियम या बेसबॉलच्या मैदानावर खेळतोय. २०२१ मध्ये त्यांनी एमएलएस कप जिंकला, आणि पुढच्याच फेब्रुवारीत उत्तर अमेरिकेच्या चॅम्पियन्स लीगचा घरचा सामना त्यांना देशाच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिसला खेळावा लागला. पुढच्या फेरीचा कनेटिकटमध्ये. विजेत्या क्लबाला स्वतःच्या शहरात मैदान नव्हतं. क्वीन्समध्ये २५ हजारांचं त्यांचं स्वतःचं स्टेडियम २०२७ साठी ठरलंय, म्हणजे बारा वर्षं भाड्याच्या घरात. व्हँकुव्हरचा क्लब २०२४ च्या डिसेंबरात विक्रीला निघाला. सरकारी मालकीच्या बीसी प्लेसमध्ये तो भाडेकरू आहे आणि मिळकतीतला थोडाच वाटा त्याच्या हाती लागतो, हे दुखणं तिथेही तेच. एमएलएस २०२७ च्या उन्हाळ्यापासून युरोपासारखं जुलै ते मे वेळापत्रक घेणार आहे. हिवाळ्यात सुट्टी असली तरी मिनेसोटा, टोरोंटो, माँट्रियलच्या थंडीत नोव्हेंबर-डिसेंबरला आणि फेब्रुवारीला लोकांना बाहेर बसवायचं म्हणजे मैदानाखाली गरम पाण्याच्या नळ्या, छत, दिवे. भाडेकरूने ते कोणाच्या भिंतीत घालायचं?

मग स्वतःचं मैदान बांधत का नाहीत? कारण पैसा मागायचा कोणाकडे, हा प्रश्न आहे. अल्बुकर्कीचा न्यू मेक्सिको युनायटेड हा या श्रेणीतल्या सगळ्यात प्रेमाने पाहिल्या जाणाऱ्या क्लबांपैकी एक. बेसबॉलच्या आयसोटोप्स पार्कमध्ये खेळतो. २०२१ च्या नोव्हेंबरात शहराने ५ कोटी डॉलरचे रोखे काढून स्टेडियम बांधावं का, यावर मतदान झालं. लोकांनी मोठ्या फरकाने नाही म्हटलं. त्यात क्लबचे चाहतेही असणार. मला ते चूक वाटत नाही. रस्ते आणि शाळा बाजूला ठेवून खासगी मालकाच्या संघासाठी कर का भरायचा, हा रास्त प्रश्न आहे. पण नाही म्हटल्यावर क्लबला आणखी काही वर्षं त्याच भाड्याच्या मैदानात काढावी लागतात, त्याची किंमतही खरी आहे. खासगी पैशातून वेगळ्या जागी बांधायचा मार्ग त्यांनी नंतर धरला.

लोकांच्या हातात काहीच नसतं, असं मात्र नाही. २०१७ मध्ये ओहायो राज्यातल्या कोलंबस क्रू या एमएलएस क्लबच्या मालकाने संघ ऑस्टिनला हलवायचं ठरवलं, तेव्हा चाहते वर्षभर रस्त्यावर आणि दुकानांत लढले, राज्य आणि शहर न्यायालयात गेले. त्यांच्या हाती लागलेलं हत्यार होतं ओहायोचा १९९६ चा कायदा. क्लीव्हलंडचा अमेरिकन फुटबॉल संघ बाल्टिमोरला गेल्यावर केलेला. सार्वजनिक मदत घेतलेल्या मैदानावरचा संघ हलवायचा असेल तर सहा महिने आधी कळवायचं आणि स्थानिकांना विकत घेण्याची संधी द्यायची, असं तो म्हणतो. क्रूच्या मैदानाखालची जमीन राज्याची होती, म्हणून त्या कायद्याचा आधार घेता आला. स्थानिक मालक आले, क्लब राहिला, २०२० आणि २०२३ ला विजेता झाला. मैदान कोणाचं, या प्रश्नाचं उत्तर इथे क्लबच्या बाजूने पडलं.

खेळाडू विकून पैसा उभा करता येतो का, असंही तुम्ही विचारलंय. येतो, पण त्यावर घर चालत नाही. लुईव्हिल सिटीने जॉश विंडर हा बचावपटू २०२३ मध्ये बेनफिकाला सुमारे १२ लाख डॉलरला दिला, तेव्हा तो या लीगचा विक्रम होता. असा पोरगा कधीतरीच हाताला लागतो, आणि त्यासाठी आधी अकादमीवर वर्षानुवर्षं खर्च करावा लागतो. सगळ्या श्रेणींचे क्लब जिथे भिडतात त्या यूएस ओपन कपच्या सामन्यांचाही आधार असायचा. सॅक्रामेंटो रिपब्लिक २०२२ मध्ये वरच्या श्रेणीच्या तीन संघांना हरवून त्याच्या अंतिम फेरीत गेला होता. पण २०२४ ला एमएलएसने फक्त आठच मुख्य संघ त्या स्पर्धेत पाठवले. मोठा संघ आपल्या गावात येण्याची ती एक रात्र लहान क्लबाला महिनाभर पुरायची, म्हणून मला हे फार लागलं.

चढ-उताराचं, म्हणजे जिंकणाऱ्याने वरच्या श्रेणीत जायचं आणि हरणाऱ्याने खालच्या, या पद्धतीचं म्हणाल, तर यूएसएलच्या मालकांनी मार्च २०२५ मध्ये ती पद्धत आणायचं मतदानाने ठरवलं, आणि स्वतःची पहिली श्रेणीही सुरू करायची घोषणा केली. मनापासून सांगतो, मी याची वाट बघतोय. पण गणित पुन्हा मैदानावरच येतं. अमेरिकेच्या सॉकर महासंघाच्या नियमाने पहिल्या श्रेणीला १५ हजारांचं मैदान लागतं, दुसरीला ५ हजारांचं, तिसरीला हजाराचं. मुख्य मालकाची संपत्तीही त्याच क्रमाने ४, २ आणि १ कोटी डॉलर असावी लागते. मैदानात जिंकून वर गेलात तरी खुर्च्या कुठून आणणार? आणि खाली घसरलात तर बँकेचा हप्ता तोच राहतो, स्पॉन्सर मात्र निम्म्यावर येतो.

आता तुमचे हजार डॉलर. हिस्से विकणं ही वाईट गोष्ट नाही. डेट्रॉइट सिटी एफसीने हॅमट्रॅमकमधलं १९३६ चं कीवर्थ स्टेडियम दुरुस्त करायला पाचशेहून जास्त लोकांकडून ७ लाख ४१ हजार डॉलर उभे केले आणि २०१६ पासून तिथे खेळायला लागले. मैदान शाळांच्या मंडळाचं आहे, पण तिथे भिंती रंगवलेल्या लोकांना ते स्वतःचं वाटतं. नंतर क्लबने दहा टक्के मालकीही चाहत्यांना विकली. तिथे पैसा आधी मैदानात गेला, हे मला महत्त्वाचं वाटतं. गेल्या वर्षीचा तोटा बुजवायला हिस्से विकत असतील तर पुढच्या वर्षी तोच खड्डा परत असेल.

म्हणून क्लबला सरळ विचारा: भाडेकरार कोणत्या साली संपतो? खाणंपिणं, पार्किंग आणि फलकांचे पैसे कोणाला मिळतात? तारखा ठरवताना पहिला हक्क कोणाचा? हिस्सेदारांसाठी काढलेल्या कागदपत्रांत गेल्या दोन वर्षांचे हिशेब असतात, ते उघडा आणि तोटा मालक कर्ज म्हणून भरतोय की भांडवल म्हणून, ते बघा. कर्ज असेल तर क्लब विकला गेल्यावर आधी त्याचे पैसे फिटतील आणि मग तुमचे. तुमचा हिस्सा विकायला बाजार नाही, तेव्हा हे पैसे परत येतील असं धरू नका. माझं मत विचाराल तर, करार पाच वर्षांपेक्षा जास्त असेल किंवा मैदानाची जागा ठरलेली असेल तर टाका. नसेल तर त्याच पैशात दोन सीझन तिकिटं आणि मुलाच्या मित्रालाही एक घ्या, क्लबच्या हातात ते आजच पडतात.

करार संपण्याची तारीख मिळाली की मला कळवा. कागदपत्रांतला हिशेबाचा भाग पाठवलात तर मी नजर घालतो.